मदत हवी आहे: कबड्डी, शंकरपट आणि पोर्ट्रेटसाठी दुसरी कॅमेरा बॉडी कोणती घ्यावी?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. सोयाबीन निघाले आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या भागात, म्हणजे दिग्रस, नेर, कारंजा या पट्ट्यात, रात्रीचे कबड्डीचे सामने आणि पाठोपाठ शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. उरलेल्या वर्षात पोर्ट्रेटचे काम असते: सत्काराच्या फ्लेक्ससाठी खेळाडूंचे फोटो, लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वावरातले फोटो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे, फ्रेम करून बैठकीत लावायचे फोटो. या शेवटच्या कामाला मी सर्वांत जास्त जपतो, कारण पुष्कळ घरांत आजीचा किंवा आजोबांचा तेवढाच एक नीट काढलेला फोटो असतो.

सध्या माझ्याकडे कॅनन ५डी मार्क ३ ही एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आहे. सोबत ७०-२०० एफ/२.८, ८५ मिमी एफ/१.८ आणि २४-१०५ एफ/४ या लेन्स आहेत. गेल्या हंगामात एका सामन्याच्या ऐन मध्यावर पडद्यावर ‘एरर २०’ आली आणि शटर अडकले. बॅटरी काढून घातली, लेन्स बदलून पाहिली, तरी उपयोग झाला नाही. आयोजक मंडळाने समजून घेतले, पण उरलेल्या सामन्याचा एकही फोटो त्या मुलांना मिळाला नाही, याची मला फार चुटपुट लागली. नागपूरला नेऊन शटर बदलून घेतले असून कॅमेरा आता व्यवस्थित चालतो. तरीही २०१२ साली बाजारात आलेल्या मॉडेलवर एकट्यावर विसंबून दुसऱ्याच्या समारंभाची जबाबदारी घेणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्या बॉडीसाठी ७५ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

नेमकी अडचण समजावी म्हणून परिस्थिती थोडी सविस्तर सांगतो. गावातल्या मैदानावर लोखंडी खांबांना एलईडीचे फोकस बांधलेले असतात. मी साधारण १/६४० सेकंद, एफ/२.८ (लेन्स पूर्ण उघडी) आणि आयएसओ ६४०० (कमी उजेडासाठी वाढवलेली संवेदनशीलता) यावर काम करतो. आपल्याकडे वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु सलग काढलेल्या चार फोटोंपैकी एक उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात खेळाडूचा चेहरा उजेडात आणि मांड्या पिवळ्या अंधारात, असा प्रकार होतो. चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकल्याचा क्षण नेमका काळपट फोटोत आला, तर संगणकावर कितीही उजळवला तरी त्यात दाणे दिसतात. ५डी मार्क ३ मध्ये यावर काही उपाय नाही.

म्हणूनच माझे पहिले लक्ष जुन्या बाजारातल्या कॅननच्याच ७डी मार्क २ कडे गेले. दिव्याची लय मोजून तो सर्वांत प्रखर असतानाच शटर उघडण्याची सोय तिच्यात आहे. सेकंदाला १० फोटो, ६५ फोकस बिंदू, एक सीएफ आणि एक एसडी असे दोन कार्ड स्लॉट आणि माझ्याकडच्याच एलपी-ई६ बॅटऱ्या या तिच्या जमेच्या बाजू आहेत. बॅटरीचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे दोन्ही बॉडींना एकच बॅटरी आणि एकच चार्जर चालणे ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

अडचण सेन्सरच्या आकाराची आहे. माझ्या ५डी मार्क ३ चा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) मोठा, म्हणजे फुल-फ्रेम आहे; ७डी मार्क २ चा लहान, म्हणजे क्रॉप आहे आणि त्यावर ७०-२०० लेन्स ११२-३२० सारखी वागते. शंकरपटात हे वरदानच ठरेल, कारण धावपट्टीच्या कडेपासून बरेच दूर उभे राहावे लागते आणि बैलजोडी व धुरकरी (बैल हाकणारा) चौकटीत मोठे हवे असतात. कबड्डीत मात्र उलटे होते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. बाजूच्या रेषेजवळ बसल्यावर जवळच्या कोपरारक्षकाने चढाईपटूच्या घोट्याला घातलेली पकड ११२ मिमीवर पूर्ण मावतच नाही, हात तरी कापला जातो किंवा पाय तरी. शिवाय आयएसओ ६४०० वर क्रॉप सेन्सरचे दाणे फुल-फ्रेमपेक्षा जास्त दिसणार, हे उघड आहे.

पोर्ट्रेटचाही विचार करावा लागतो. पर्यायी बॉडी म्हणजे मुख्य बॉडी बंद पडली की जी दोन्ही कामे एकटीने पार पाडेल ती, असे माझे मत आहे. क्रॉप बॉडीवर ८५ मिमी लेन्सचा दृष्टिकोन १३६ मिमीसारखा होतो. वावरात मागे सरकायला भरपूर जागा असते. पण आजी ओसरीतल्या खाटेवर बसलेल्या असतात आणि माझ्या पाठीला भिंत लागते, तेव्हा ती लेन्स निरुपयोगी ठरते.

या दृष्टीने ६डी मार्क २ बरी वाटते. ती फुल-फ्रेम आहे, बॅटरी तीच आहे, दिव्यांच्या लुकलुकीवरचा उपाय तिच्यातही आहे आणि तिचा पडदा फिरवता येत असल्यामुळे खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा नेणे सोपे जाते. परंतु तिचे ४५ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीवाटीने आहेत, वेग सेकंदाला साडेसहा फोटो एवढाच आहे आणि कार्डाचा स्लॉट एकच आहे. ज्याच्या लग्नाचे किंवा सत्काराचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, त्याचे काम एकाच कार्डावर ठेवणे मला पटत नाही.

काही मित्रांनी कॅननची आर१० ही मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी नवीन घ्यावी, असे सुचवले आहे. अ‍ॅडॉप्टर (लेन्स आणि बॉडी यांमधला जोड) लावून माझ्या सर्व लेन्स तिच्यावर चालतील, यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो मिळतील, माणसाचा डोळा ती स्वतः शोधेल आणि वॉरंटी असेल, हे सर्व मान्य आहे. प्राणी ओळखण्याची सोय मात्र कुत्रा, मांजर आणि पक्षी यांच्यासाठी दिलेली आहे, म्हणून समोरून धुळीचा लोट उडवत येणाऱ्या बैलजोडीवर तिचा फोकस कितपत टिकतो, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडूनच ऐकायला आवडेल. तिच्या इलेक्ट्रॉनिक शटरचा वेग आणखी जास्त आहे, पण सेन्सर हळू वाचला जात असल्यामुळे धावत्या पायांचा आकार तिरपा होतो आणि एलईडीखाली पट्टे उमटतात. माझ्या कामात ते शटर जमेस धरता येणार नाही. त्यातच क्रॉप सेन्सर, एकच स्लॉट आणि एलपी-ई१७ ही वेगळी बॅटरी. आरसा नसल्याने लेन्स बदलताना काळ्या मातीची धूळ थेट सेन्सरवर बसण्याची धास्तीही वाटते.

राहता राहिली जुन्या बाजारातली कॅननची आर६, तीही मिररलेसच. फुल-फ्रेम, दोन एसडी स्लॉट, यांत्रिक शटरवर १२ फोटो आणि डोळ्यावरचा फोकस पाहता माझ्या दोन्ही कामांना तीच सर्वांत जवळची वाटते. माझ्या जुन्या बॅटऱ्या तिच्यात चालतात, मात्र त्यांवर पूर्ण वेग मिळत नाही. मला मिळालेले भाव माझ्या तयारीच्या पलीकडे आहेत. या हंगामासाठी साधी ६डी मार्क २ घेऊन पुढच्या वर्षी ती विकावी आणि आर६ घ्यावी, की आत्ताच थोडे उसने घेऊन एकदाच खर्च करावा, याबद्दल आपले मत हवे आहे. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर असताना निर्णय पूर्ण विचारानेच घ्यायचा आहे.

ज्यांनी ५डी मार्क ३ सोबत आर६ किंवा आर१० वापरली आहे, त्यांनी त्वचेचा रंग दोन्ही बॉडींच्या फोटोंत सहज जुळतो का, हे कृपया सांगावे. सावळ्या चेहऱ्यांवर थोडासा फरकही अल्बममध्ये शेजारी-शेजारी उठून दिसतो. अ‍ॅडॉप्टरवर ७०-२०० लावून धुळीत काम केलेल्यांनी सांध्यातून धूळ आत शिरण्याचा अनुभव असल्यास तोही लिहावा.

शेवटचा प्रश्न जुनी बॉडी तपासण्याबद्दल आहे. ६डी मार्क २ चे शटर १ लाख आणि ७डी मार्क २ चे २ लाख फोटोंसाठी चाचणी केलेले आहे, परंतु विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोच्या माहितीत शटर किती चालले हे कॅननच्या या बॉडींमध्ये दिसत नाही; केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने पाहावे लागते. मी नागपूर किंवा अमरावतीपर्यंत लॅपटॉप घेऊन येऊ शकतो. समोरासमोर व्यवहार करताना शटरखेरीज आणखी काय काय तपासून घ्यावे, आणि दिवाळीपूर्वी या दोन शहरांत अशी बॉडी हाताळून पाहायला मिळण्याची खात्रीची जागा कोणाला माहीत आहे का?