एस्क्यूएलाइटच्या कमांड लाइनवर वाचनालयाची दाखल-नोंदवही : सुरुवात कशी करावी?

प्रश्न (बडोदे)
नमस्कार. दांडिया बाजारातील एका लहान मराठी वाचनालयाची दाखल-नोंदवही एक्सेलमध्ये आहे. ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून एस्क्यूएलाइट या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आणायची आहे. प्रोग्रॅमवर दोनदा क्लिक करून तो उघडला आणि ‘सिलेक्ट’ची, म्हणजे नोंदी मागवण्याची, ओळ लिहून एंटर दाबले, तर उत्तराऐवजी नुसती तीन टिंबे दिसू लागली. शिवाय काल तयार केलेले टेबल आज सापडत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
तीन टिंबे म्हणजे वाक्य अपुरे आहे. अर्धविराम टाकून एंटर दाबा. डॉट टेबल्स, डॉट स्कीमा, डॉट क्विट या टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा मात्र एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या नसून प्रोग्रॅमच्या स्वतःच्या असल्यामुळे त्यांना अर्धविराम लागत नाही. फाइलचे नाव न देता प्रोग्रॅम उघडला की डेटाबेस केवळ मेमरीत राहतो व बाहेर पडताच नाहीसा होतो, त्यामुळे टेबल गेले. आरंभीच डॉट ओपन लिहून पुढे फाइलचे नाव द्यावे. राहून गेले, तर निघण्यापूर्वी डॉट सेव्ह आहेच.

उत्तर २
फाइल आत आणणाऱ्या डॉट इम्पोर्ट या आज्ञेला सीएसव्हीचा पर्याय द्यावा. टेबल आधी नसेल तर पहिल्या ओळीतून स्तंभांची नावे घेतली जातात, पण सारे स्तंभ मजकुराचे होतात, आणि मग दाखल क्रमांक १० हा ९ च्या आधी लागतो. त्यापेक्षा टेबल स्वतः तयार करून क्रमांक व वर्ष हे स्तंभ इंटिजर (पूर्णांकाचे) ठेवावेत. अशा वेळी शीर्षकाची ओळही नोंद म्हणून आत शिरते, म्हणून स्किप १ हा पर्याय जोडावा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. तसे केले, तरीही प्रकाशनवर्षानुसार क्रम लावल्यावर काही जुनी पुस्तके थेट शेवटी गेली आहेत. जुन्या नोंदींत वर्षे देवनागरी आकड्यांत आहेत, त्याचा संबंध असावा का?

उत्तर ३
तोच संबंध आहे. एस्क्यूएलाइट देवनागरी आकड्यांना संख्या मानत नाही. इंटिजर स्तंभातही ते तक्रार न करता मजकूर म्हणून साठवले जातात, आणि क्रम लावताना मजकूर सर्व संख्यांच्या नंतर येतो. जुन्या याद्यांत दोन्ही प्रकारचे आकडे मिसळलेले असू शकतात, तेव्हा ही तपासणी प्रथम करावी : ‘टाइपऑफ’ या फंक्शनने वर्षाचा प्रकार ‘टेक्स्ट’ येणाऱ्या ओळी निवडा. त्यांत रिकामे रकानेही निघतील, कारण तेही मजकूरच ठरतात. नंतर ‘रिप्लेस’ हे एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारे फंक्शन एकात एक असे दहा आकड्यांसाठी दहा वेळा गुंफून नोंदी बदलणाऱ्या एकाच ‘अपडेट’ आज्ञेने आकडे इंग्रजी करावेत. दिसायला ते बोजड आहे, पण एकदाच करायचे आहे. त्याआधी डॉट बॅकअपने प्रत अवश्य काढून ठेवावी.