सांबरा (बेळगावचं विमानतळ) ते बेंगळुरू : सव्वा तास की सहा तास?

खानापूरकर : गेल्या आठवड्यात आईला घेऊन बेंगळुरूला बहिणीकडं विमानानं गेलो. तिकिटावर सव्वा तास. खरं मी घड्याळ बघून ठेवलेलं. खानापुरातून सकाळी साडेसहाला निघालो आणि जयनगरला बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. सांबऱ्याला जायला तास, तिथं दीड तास बसून, उतरल्यावर बॅगेची वाट, मग देवनहळ्ळीच्या विमानतळापासून दोन तास ट्रॅफिक. वर सिक्युरिटीवाल्यांनी आईच्या हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी काढून ठेवली. यापेक्षा राणी चन्नम्मा एक्सप्रेस काय वाईट? रात्री जेवून झोपायचं, सकाळी बेंगळुरू.

टिळकवाडी : खानापूरचा हिशोब बेळगावच्या माथी कशाला मारता? मला घरातून सांबरा अर्धा तास. काम हेब्बाळच्या बाजूला, म्हणजे विमानतळाकडचंच. जयनगरला जाणाऱ्यानं विमानाला शिव्या देऊ नयेत! आणि रात्रीची झोप फुकट धरलीत की हो. साइड बर्थवर पाय दुमडून काढलेली रात्र दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये जांभया देऊन फेडावी लागते.

पाटी-पेन्सिल : सव्वा तास म्हणजे सगळा हवेतला वेळ नव्हे. सरळ रेषेत अंतर 445 किलोमीटरच्या आसपास, रस्त्यानं 500. पंख्याचं एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या घरात उडतं, म्हणजे हवेत पाऊण-एक तास. वेळापत्रकातली वेळ मात्र विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडं जागेवर थांबेपर्यंत धरतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, तिकडं उतरायची रांग, सगळं त्यात आलं. उद्या जेट लावलं तरी दहा-पंधरा मिनिटंच वाचतील. वेळ खातो तो जमिनीवरचा प्रवास.

निपाणीचा : आमची तऱ्हाच वेगळी. जिल्हा बेळगाव, खरं तवंदी घाट चढून सांबऱ्याला जाण्यापेक्षा कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ निम्म्या वाटेवर. तुम्ही भांडा.

खानापूरकर : @टिळकवाडी झोप फुकट नाही, मान्य. मग वंदे भारत घ्या की, बसून जाता येतं.

टिळकवाडी : तिला साधारण साडेआठ तास. दिवस गेलाच की मर्दा! विमानाचे तुमचे सहा तास धरले तरी अडीच तास वाचले. मी तर चारात पोचतो.

खानापूरकर : तुमचं चारात, आमचं सहात. हेच तर म्हणायलोय, तिकिटावरचा आकडा सगळ्यांना सारखा नसतोय. बरं, आईला परतीचं विचारलं. म्हणाली, विमानच काढ, चाकाच्या खुर्चीतनं नेतात, गुडघ्याला बरं पडतं. मी एकटा असलो की चन्नम्माच. आणि लोणचं आता चेक-इन बॅगेत.

टिळकवाडी : बरणीला दोन पिशव्या गुंडाळा. आमची एकदा फुटली होती, शर्ट अजून पिवळा आहे.