मदत हवी आहे : बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं) पाणी परत घेतलं की निवळी बिघडते (५ एमएलडी, पुणे)

प्रश्न : मुठाकाठ

नमस्कार. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातल्या गावांसाठीचं ५ एमएलडीचं (दिवसाला ५० लाख लिटरचं) जलशुद्धीकरण केंद्र. कच्चं पाणी खडकवासल्याचं. क्लॅरिफ्लॉक्युलेटर (तुरटीने गाळ जमवून तळाशी बसवणारी टाकी), चार रॅपिड सँड फिल्टर (वाळूचे बेड), शेवटी क्लोरीन. चारही बेड रोज एकदा धुतात. एका धुण्याला १० मिनिटांत ६० घनमीटर पाणी लागतं. ते थेट इनलेट चेंबरमध्ये सोडलंय. धुणं सुरू झालं की थोड्याच वेळात वेअरवरून (क्लॅरिफ्लॉक्युलेटरचं पाणी ओसंडतं त्या कडेवरून) पिसासारखे फ्लॉक (तुरटीने जमलेल्या गाळाचे पुंजके) वाहताना दिसतात. तिथली टर्बिडिटी (गढूळपणा) ५ वरून १४ एनटीयूवर (गढूळपणाचं एकक) जाते, फिल्टरनंतरची ०.४ वरून १.२ वर. तुरटी वाढवून पाहिली, फरक नाही. ओटी चाचणीत (ऑर्थोटोलिडीनने पाणी पिवळं होतं ती) क्लोरीन नीट येतं. २०२५ च्या जानेवारीतल्या जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथीपासून इथले लोक पाण्याबाबत धास्तावलेले आहेत, म्हणून नेमकं विचारतो : हे पाणी परत घ्यावं का? जंतूंचं काय?

उत्तर : निवळसंख

घ्या, पण असं नाही. ५ एमएलडी म्हणजे तासाला २०८ घनमीटर. १० मिनिटांत ६० म्हणजे तासाला ३६० च्या वेगाने भर. त्या दहा मिनिटांत प्रवाह २०८ चा ५६८ होतो, पावणेतीन पट. तुरटीचा पंप मात्र २०८ च्याच हिशेबाने चालतो. म्हणून डोस पातळ होतो, बसलेला साकाही वर उठतो. नुसती तुरटी वाढवून हे सुटणार नाही.

आता जंतू. एक बेड दिवसाला १२५० घनमीटर पाणी गाळतो आणि त्यात अडकलेलं सगळं ६० घनमीटरमध्ये बाहेर टाकतो. म्हणजे जवळजवळ २० पट दाट. जीबीएसच्या वेळी चर्चेत आलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू क्लोरीनने सहज मरतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी मरत नाही. त्याचा ऊसिस्ट (जाड कवचाची अवस्था) ४ ते ६ मायक्रॉनचा, पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. ओटीचा पिवळा रंग त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याला फ्लॉकमध्ये बांधून गाळणं हाच आधार, म्हणून फिल्टरनंतर टर्बिडिटी ०.३ च्या आत राहायला हवी. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मधली १ एनटीयूची मर्यादा इथे पुरेशी समजू नका.

काय करायचं : ७० घनमीटरच्या दोन टाक्या, आलटून पालटून. बेड सहा-सहा तासांच्या अंतराने धुवा, म्हणजे प्रत्येक टाकीला १२ तास मिळतात. पहिले ३ तास साका बसू द्या, पुढचे ६ तास वरचं ५४ घनमीटर पाणी तासाला ९ च्या दराने काढा, उरलेल्या वेळात तळाचा गाळ ड्राइंग बेडवर (गाळ वाळवायच्या वाफ्यावर) न्या. पाणी तरंगत्या सक्शनने वरूनच उचला. तळाच्या आउटलेटने घेतलं तर गाळच परत येतो. सोडायची जागा फ्लॅश मिक्सरच्या (तुरटी वेगाने मिसळायच्या टाकीच्या) आधी, तुरटी पडण्यापूर्वी. ९ म्हणजे मूळ प्रवाहाच्या ५ टक्क्यांहून कमी. १० टक्क्यांवर कधीच जाऊ नका. अमेरिकेत २००१ पासून नियमच आहे की परत घेतलेलं पाणी सगळ्या टप्प्यांतून गेलं पाहिजे.

पुढची भर : गाळणी

वरच्याला पूर्ण सहमती, फक्त साध्या निवळण्यावर भिस्त ठेवू नका. सुटा ऊसिस्ट दिवसभरात जेमतेम काही सेंटीमीटर खाली जातो. टाकी भरताना पाइपमध्येच ॲनायॉनिक पॉलिमर (बारीक कण एकत्र जोडणारं रसायन) ०.२ ते ०.५ मिग्रॅ प्रतिलिटर द्या, पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेल्या दर्जाचंच. जास्त झालं तर वाळू चिकटते, हेडलॉस (बेडमधून जाताना पाण्याला होणारा अडथळा) लवकर चढतो, मडबॉल (चिखलाचे गोळे) तयार होतात. जार टेस्ट (तुरटीचा डोस ठरवायची भांड्यातली चाचणी) नुसत्या कच्च्या पाण्याची न करता ९५ भाग कच्चं आणि ५ भाग निवळलेलं असं मिश्रण घेऊन करा.

वरचं पाणी ५ एनटीयूच्या पुढे असेल तर ते परत घेऊ नका. क्लॅरिफ्लॉक्युलेटरचा गाळ आणि त्यावरचं पाणी या टाक्यांत मुळीच नको. आणि धुतलेला बेड लगेच पूर्ण वेगाने सुरू करू नका. पहिली १५-२० मिनिटं पाणी वाया सोडा, तेवढ्या वेळात बेडमधून बरेच कण आणि जंतू निसटतात. त्यासाठी व्हॉल्व्ह नसेल तर बसवून घ्या, मी तर टाक्यांच्याही आधी तोच बसवेन.

मुठाकाठ

व्हॉल्व्ह नाही. आणि परतीच्या पाइपवर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लावला तर?

निवळसंख

तासाला ९ घनमीटरला छोटं युनिट पुरतं. क्रिप्टोच्या ९९.९ टक्के निष्क्रियतेला १२ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर डोस लागतो, पण गढूळ पाण्यात कणांच्या सावलीत ऊसिस्ट वाचतात आणि दिव्याच्या नळीवर थर चढतो. आधी टाक्या आणि व्हॉल्व्ह, मग यूव्ही. टाक्या होईपर्यंत बॅकवॉश इनलेटला देणं आजच बंद करा.