एमआरआय नॉर्मल, तरी फिट थांबत नाहीत. पेट-स्पेक्टबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय 24, फिट येऊ लागून नऊ वर्षं झाली. तीन औषधं बदलून झाली, सध्या दोन चालू आहेत, तरी महिन्याला चार-पाच होतातच. धाडकन पडत नाही तो. बोलता बोलता थांबतो, ओठ चाटतो, डाव्या हाताने शर्टाचं बटण चाचपत बसतो आणि उजवा हात मनगटात वाकडा होऊन ताठ. दीडेक मिनिटाने आम्हालाच विचारतो, "काय झालं?"

एमआरआय दोनदा केला, दोन्ही नॉर्मल. ऑपरेशन करायचं तर फिट नेमकी कुठून सुटते ते आधी शोधावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात. पेट स्कॅनमध्ये डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात ग्लुकोज कमी वापरलं जातंय असं आलंय. फिट म्हणजे मेंदूत जादा वीज ना? मग तिथे साखर कमी कशी?

आता इक्टल स्पेक्ट (फिट चालू असतानाचा स्कॅन) सांगितलंय. म्हणजे भरती करायचं, औषधं कमी करायची आणि फिटची वाट बघायची! जी येऊ नये म्हणून नऊ वर्षं देव पाण्यात घालून बसलो, तीच. आई ऐकायलाच तयार नाही. त्याऐवजी एमईजी (मेंदूची चुंबकीय तपासणी) चालेल का?

उत्तर:
ताई, मी व्हिडिओ ईईजीचा (चित्रीकरण करत मेंदूच्या विजेची नोंद) टेक्निशियन, डॉक्टर नव्हे. पेटचं इंजेक्शन सहसा फिट नसताना देतात. त्या वेळी तो भाग सुस्त असतो, म्हणून साखर कमी. पण सुस्त दिसणारा पट्टा मूळ जागेपेक्षा बहुधा मोठा असतो, त्यावरून कापायची हद्द ठरत नाही.

स्पेक्टचं उलट. फिट सुरू झाली की तिथे रक्त धावतं. शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य रक्ताबरोबर जाऊन मिनिटाभरात मेंदूत बसतं आणि तिथेच राहतं, त्यामुळे फोटो तासाभराने काढला तरी चालतो. सगळा खेळ इंजेक्शनच्या वेळेचा. 20-30 सेकंदांच्या आत गेलं तर सुरुवात दिसते, उशीर झाला तर फिट पसरली कुठे तेवढंच. म्हणून तुम्ही खाटेजवळ बसा. ओठ हलले की बटण दाबा. तुमच्याइतकं चटकन आम्हाला ओळखता येत नाही.

एमईजीला फिट लागत नाही, दोन फिटच्या मधल्या विजेच्या ठिणग्यांचं चुंबकीय क्षेत्र टिपतात. पण तेवढ्या वेळात ठिणगी पडायला हवी, आणि खोलवरचं त्याला कमी दिसतं. टेम्पोरलच्या आतल्या बाजूला शंका असेल तर एकट्या एमईजीवर भागेलच असं नाही.

एमआरआय कसला होता? 3 टेस्लावर (चुंबकाची ताकद), 1 मिमीच्या कापांचा एपिलेप्सी प्रोटोकॉल वेगळा असतो. साध्या स्कॅनमध्ये बारीक डिस्प्लेसिया (मेंदूच्या सालीची जन्मजात सदोष घडण) निसटतो. आणि त्या दोन हातांचं डॉक्टरांना जरूर सांगा, ते मेंदूच्या डाव्या बाजूशी जुळतंय.

धागाकर्ती:
फाइल काढून बघितली. दोन्ही 1.5 टेस्ला, काप 5 मिमी! सोमवारी आधी हेच विचारते. हातांचा व्हिडिओ वहिनीच्या फोनमध्ये आहे. एक राहिलं, रात्री फिट आली तर?

उत्तर:
इंजेक्शन बहुतेक ठिकाणी दिवसाच, कारण टेक्नेशियम (त्यातलं किरणोत्सारी द्रव्य) 6 तासांत निम्मं होतं. रात्रीची फिट ईईजीच्या कामी येते. सलाइनची सुई लावलेली असते, लांबली तर थांबवायचं औषध हाताशी असतं. आईंना हे आधी सांगा.