मदत हवी आहे: खासगी गाडी 'मोटार वाहन' नाही, हा दावा थेट फेटाळणारा निकाल
कॅलिफोर्नियातल्या वाहतूक खटल्यांत एक जुनाच युक्तिवाद पुन्हा येतोय: व्हेइकल कोडच्या (राज्याचा वाहन कायदा) कलम २६० नुसार भाड्याने न चालणारी गाडी 'कमर्शियल' नाही, म्हणून नोंदणी नको. गफलत उघड आहे. २६० फक्त व्यावसायिक वाहन कुठलं ते सांगतं. नोंदणीची सक्ती कलम ४००० मध्ये आहे आणि कलम ४१५ नुसार स्वतःच्या शक्तीने चालणारं वाहन म्हणजे मोटार वाहन. तिथे व्यवसायाची अटच नाही. फेडरल (केंद्रीय) कायद्याच्या शीर्षक १८, कलम ३१ ची व्याख्याही पुढे करतात, कारण तिथे मोटार वाहन म्हणजे व्यवसायासाठी वापरलेलं वाहन; पण ती त्या शीर्षकातल्या फौजदारी प्रकरणापुरती.

राज्यं गाड्यांची नोंदणी सक्तीची करू शकतात असं सांगणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 'हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड' (१९१५), हाताशी आहे. मात्र २६० चा मुद्दा नाव घेऊन फेटाळणारा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाचा निकाल हवाय, तोही प्रकाशित (अधिकृत निकालसंग्रहात छापलेला). अप्रकाशित तिथे सहसा उद्धृत करता येत नाही. कुणाला माहीत आहे का?