सोलापूरहून जर्मनीला जाताना

ताई, मुलगी ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालीय, बॅगेत काय द्यावं असं तुम्ही विचारलंय. कपड्यांचं इतरांनी बरंच सांगितलंय, मी खाण्यापिण्याचं आणि तिथल्या राहण्याचं सांगते.

मी तिकडे शिकायला गेले तेव्हा पोचले शनिवारी रात्री उशिरा. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तिथे रविवारी किराणा दुकानं बंद. खोलीत पलंग आणि नुसती उघडी गादी. तेव्हा तारलं ते आईने दिलेल्या कडक भाकरीने. जुन्या सुती धोतरात बांधलेली, कडेला थोडी मोडलेली, पण तोंडात तोच कुरकुरीतपणा. सोबत शेंगाचटणी. रात्री पांघरायला आपली सोलापुरी चादर. या तीन गोष्टी नक्की द्या.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. माझ्या घरमालकाने ते देताना फार रखडवलं, खूप मनस्ताप झाला. तिला आधीच मागून घ्यायला सांगा.

गुणांची पद्धत उलटी आहे: 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास. माझा 1.7 ऐकून बाबा काळजीत पडले होते!

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग आपल्यात साडेचार तासांचा फरक पडतो. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येतं, तेव्हा फोन जरा जास्त करा. आणि संक्रांतीला आपल्या सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक व्हिडिओ कॉलवर दाखवा. बाबांनी मला दाखवली तेव्हा मी खूप रडले, पण त्या रात्री शांत झोप लागली.