युनिव्हर्सलचे मॉन्स्टर एकत्र येतात ते चार चित्रपट: कोणत्या क्रमाने दाखवावेत?

कृष्णधवल:
आठ-दहा जणांच्या गटाला दोन रात्रींत युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओचे हे चार भयपट दाखवायचे आहेत: ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ (१९४३), ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४४), ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’ (१९४५) आणि ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८). बहुतेकांनी १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहिले आहेत, मधलं काहीच नाही. तीन प्रश्न आहेत. त्याआधीचं काय दाखवायलाच हवं? पहिल्या चित्रपटात नट बेला लुगोसीने केलेला मॉन्स्टर (फ्रँकेन्स्टाइन या शास्त्रज्ञाने घडवलेला) हात पुढे ताणून चाचपडत का चालतो? आणि ड्रॅक्युला, वुल्फ मॅन आणि मॉन्स्टर हे तिघं खरोखर समोरासमोर नेमके कुठे येतात? पोस्टरवर तर सगळीकडे एकत्रच दिसतात.

रातकिडा:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर सगळं नियोजन ठरेल. तिघांची खरी गाठ पडते ती फक्त १९४८ च्या विनोदी चित्रपटात. आधीच्या तीनमध्ये ती पडत नाही, आणि प्रेक्षकांना हे आधी सांगितलं नाही तर हिरमोड होतो.

‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ड्रॅक्युलाचं प्रकरण पहिल्या टप्प्यातच आटोपतं. फिरत्या खेळातल्या सांगाड्याच्या छातीतली खुंटी उपसली की ड्रॅक्युला झालेला जॉन कॅराडीन उभा राहतो, आणि थोड्याच वेळात शवपेटीपर्यंत पोहोचण्याआधी ऊन गाठून त्याला संपवतं. लॅरी टॅलबट, म्हणजे वुल्फ मॅन, आणि मॉन्स्टर बर्फातून बाहेर निघतात ते त्यानंतर. मॉन्स्टर तर अगदी शेवटी टेबलावरून उठतो. ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’त तिघंही एकाच डॉक्टरच्या घरी येतात खरे, पण रांगेतल्या रुग्णांसारखे, एकेक करून. ड्रॅक्युला आणि वुल्फ मॅन यांची झुंज १९४८ मध्येच होते: वटवाघूळ होऊन निसटणाऱ्या ड्रॅक्युलाला वुल्फ मॅन सज्जावर झडप घालून धरतो आणि दोघं खाली समुद्रात कोसळतात.

त्यामुळे शेवटचा चित्रपट ‘विनोदी आहे, वेळ उरला तर बघू’ म्हणून वगळू नका. त्यात मॉन्स्टरांची थट्टा नाही. घाबरणारे दोघं, म्हणजे अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी, विनोदी आहेत, मॉन्स्टर पूर्ण गांभीर्याने वागतात. लुगोसीने पूर्ण लांबीच्या चित्रपटात ड्रॅक्युलाची भूमिका दोनदाच केली, १९३१ मध्ये आणि इथे.

आता आधीचं काय दाखवावं. ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) अनिवार्य आहे. या चारही चित्रपटांचा कणा टॅलबट आहे. मॉन्स्टरच्या भूमिकेत नट बदलत राहिले, ड्रॅक्युलाही बदलला, पण टॅलबट पहिल्यापासून शेवटपर्यंत लॉन चेनी ज्युनियरच आहे. आणि त्याची मागणी विलक्षण आहे: त्याला मरायचंय आणि मरण येत नाही. फ्रँकेन्स्टाइनची टिपणं शोधत तो व्हसेरिया या गावाला जातो ते याचसाठी. हे कळलं नाही तर १९४३ चा चित्रपट नुसती मारामारीची प्रतीक्षा होऊन बसतो, आणि ती मारामारी शेवटच्या काही मिनिटांतच आहे.

जुना_प्रोजेक्टर:
हात पुढे ताणण्याचं कारण ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४२) मध्ये आहे. त्यात मॉन्स्टरचा साथीदार इगॉर याचा मेंदू मॉन्स्टरच्या डोक्यात बसवतात. इगॉर होता लुगोसी, मॉन्स्टर होता चेनी. शस्त्रक्रियेनंतर मॉन्स्टर इगॉरच्या आवाजात बोलतो, पण रक्तगट जुळत नसल्याने आंधळा होतो.

पुढच्या भागासाठी, म्हणजे १९४३ च्या चित्रपटासाठी, कर्ट सिओडमाकने पटकथा लिहिली ती याच धाग्यावरून: मॉन्स्टर आंधळा आहे आणि बोलतो. लुगोसीला ती भूमिका देण्यामागेही हे तर्कशास्त्र होतं, कारण मेंदू इगॉरचाच. चित्रीकरण तसंच झालं. मग संकलनात मॉन्स्टरचे सगळे संवाद कापले गेले. लुगोसीच्या हंगेरियन उच्चारांमुळे मॉन्स्टर बोलू लागला की हसू येत होतं, असं सिओडमाकने पुढे सांगितलं आहे. संवादांबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. उरलं ते चाचपडणं. लक्ष देऊन पाहिलं तर एका ठिकाणी त्याचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज येत नाही. शेवटी शक्ती परत मिळाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे धूर्त हसू येतं, ते दृष्टी परतल्याचं आहे. आज ते संदर्भाशिवाय लटकतं.

लुगोसीच्या त्या कामाला लोक नावं ठेवतात ते मला अजिबात पटत नाही. त्याने लिहिलेली भूमिका नीट केली, ती लिहिलेली भूमिकाच पडद्यावर आली नाही. शिवाय अवघड हाणामारीत मेकअपखाली एडी पार्कर आणि गिल पर्किन्स हे स्टंटमन आहेत. जवळून घेतलेल्या फ्रेम्समध्ये चेहरा बदललेला सहज ओळखू येतो.

तेव्हा ‘घोस्ट’ अख्खा दाखवला नाही तरी चालेल, पण मेंदूच्या शस्त्रक्रियेपासून शेवटपर्यंतचा भाग दाखवाच. तेवढं पाहिल्यावर १९४३ चा चित्रपट वेगळाच दिसतो.

पौर्णिमा_अमावस्या:
दोघांशी सहमत. पौर्णिमेबद्दल एक भर घालते, कारण गटात हा प्रश्न येतोच. १९४१ च्या चित्रपटात टॅलबटचं रूपांतर पौर्णिमेला बांधलेलं नाही. त्यातल्या कवितेत शरद ऋतूतला चंद्र तेजाळल्याचा उल्लेख आहे, पूर्ण चंद्राचा नाही. १९४३ मध्ये तीच ओळ बदलून चंद्र ‘पूर्ण’ केला आणि या मालिकेत पौर्णिमेचा नियम तिथून पक्का झाला. दोन्ही चित्रपट एकाच रात्री लावले तर हा बदल कानाला लगेच जाणवतो.

रूपांतराची दृश्यंही शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. १९४१ मध्ये माणसाचा लांडगा होताना पाय दिसतात. चेहरा बदलताना दिसतो तो मेल्यावर, लांडग्याचा माणूस होताना. चेहऱ्यावर केस उगवताना पाहायला मिळतात ते १९४३ मध्ये, कार्डिफच्या रुग्णालयातल्या पलंगावर. पद्धत अशी: कॅमेरा पक्का बांधायचा, नटाने डोकं हलवायचं नाही, मेकअपकार जॅक पिअर्सने याकचे केस डिंकाने थोडे चिकटवायचे, काही फ्रेम्स घ्यायच्या, पुन्हा केस, पुन्हा फ्रेम्स, आणि हे तुकडे एकमेकांत विरघळवायचे. डोकं किंचित सरकलं तरी दोन प्रतिमांच्या कडा जुळत नाहीत आणि चेहरा थरथरल्यासारखा दिसतो. अशा कामाला तासन्‌तास जात.

१९४८ मध्ये पिअर्स नव्हता, बड वेस्टमोर होता. त्याने तयार रबरी तुकडे वापरले, म्हणून तिथला वुल्फ मॅन आणि मॉन्स्टर दोघंही जास्त गुळगुळीत वाटतात. मला पिअर्सचाच हात आवडतो. त्याच्या मॉन्स्टरच्या चेहऱ्यावर मृत त्वचेचा ताण दिसतो.

कृष्णधवल:
फार उपयोगी. मग दोन रात्रींत बसत नाही असं दिसतंय. आणखी एक: ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या शेवटी टॅलबटला चांदीची गोळी लागते आणि ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’त तो धडधाकट चालत येतो. मधलं काही सुटलंय का?

रातकिडा:
काही सुटलेलं नाही. खुलासा दिलेलाच नाही, ड्रॅक्युलाच्या परतण्याचाही नाही. दुवा सांभाळला आहे तो फक्त मॉन्स्टरचा. १९४३ च्या शेवटी धरण फुटून पुराचं पाणी किल्ल्यावर येतं, म्हणून १९४४ मध्ये तो आणि टॅलबट बर्फात गोठलेले सापडतात. तिथे शेवटी तो त्याला जिवंत करणाऱ्या डॉ. निमनला घेऊन दलदलीत बुडतो, म्हणून १९४५ मध्ये कड्याखालच्या गुहेत चिखलात सापडतो, शेजारी निमनच्या सांगाड्यासह. टॅलबट १९४५ मध्ये चक्क बरा होतो आणि १९४८ मध्ये पुन्हा लांडगा होतो, तेही कारणाविना.

तीन रात्री करा. पहिल्या रात्री ‘द वुल्फ मॅन’ (७० मिनिटं), मग ‘घोस्ट’चा शेवट, मग १९४३ चा (७४). दुसऱ्या रात्री दोन्ही ‘हाउस’ (७१ आणि ६७), पण मध्ये चांगली अर्ध्या तासाची विश्रांती हवी. दोन्हींचा दिग्दर्शक अर्ल केंटन, मांडणीही जवळपास तीच. सलग पाहिले की एकमेकांत मिसळतात. तिसऱ्या रात्री फक्त १९४८ चा (८३).

‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’चा शेवटचा आगीचा प्रसंग बारकाईने बघायला सांगा. मॉन्स्टर ग्लेन स्ट्रेंज आहे, पण जळताना मधूनच चेनी दिसतो, कारण ती दृश्यं ‘घोस्ट’मधून उचललेली आहेत. पहिल्या रात्री तो भाग पाहिलेले लोक लगेच ओळखतील. उलट गंमत १९४८ मध्ये: स्ट्रेंजचा पाय मोडल्यामुळे सँड्रा या पात्राला खिडकीतून फेकणारा मॉन्स्टर चेनी आहे.

जुना_प्रोजेक्टर:
डिस्क घेताना एक काळजी घ्या. युनिव्हर्सलच्या फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला आणि वुल्फ मॅन या तिन्ही ‘कम्प्लीट लेगसी’ संचांत दोन्ही ‘हाउस’ आणि १९४८ चा चित्रपट सारखेच आहेत. तिन्ही संच घेतले तर तेच तीन चित्रपट तीनदा येतात. तुमच्यासाठी फ्रँकेन्स्टाइनचा संच पुरेसा, कारण त्यात ‘घोस्ट’ही आहे, ‘द वुल्फ मॅन’ तेवढा सुटा घ्या.

टीव्हीवर चित्राचा आकार ‘मूळ’ ठेवा. हे चित्रपट १.३७:१ चे आहेत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. झूम केलं तर मॉन्स्टरचं सपाट डोकं वरून कापलं जातं. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर स्मशानातलं धुकं व्हिडिओसारखं दिसतं. ब्राइटनेस वाढवू नका. काळा रंग राखाडी झाला की रंगवलेले पडदे आणि सेटच्या भिंती उघड्या पडतात. त्याऐवजी खोलीतले दिवे घालवा. ध्वनी मोनो आहे, सराउंडचा कृत्रिम परिणाम लावला तर संवाद पोकळ येतात.

पौर्णिमा_अमावस्या:
१९४८ च्या चित्रपटात सँड्राचा गळा चावताना आरशात ड्रॅक्युलाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. चित्रपट थांबवून दाखवू नका, गटातल्या कोणाला तरी आपणहून सापडू द्या. आणि अखेरीस होडीत अदृश्य माणसाचा (इन्व्हिजिबल मॅन) जो आवाज येतो तो नट व्हिन्सेंट प्राइसचा आहे, तोवर कोणाला उठू देऊ नका.